दहा सेकंदांचं स्वगत : ‘कॉन्फिडन्स’ शिकवताना माझं काय चुकलं

आज थोडं स्वतःच्या चुकीबद्दल लिहिते. चूक जुनी आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. ती घडली रंगमंचावर, पण तिचं मूळ होतं न तपासता स्वीकारलेल्या दोन संशोधनांत.

एमए करत असताना आमच्या कॉलेजच्या युवक महोत्सवाची तयारी माझ्याकडे होती. एकपात्री अभिनयासाठी बीएच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी निवडली होती. तिने उतारा निवडला तो विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या लीला बेणारेच्या शेवटच्या स्वगताचा. एकपात्रीच्या स्पर्धा बघितल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, काही पात्रं तिथे हमखास भेटतात. ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर, ‘ती फुलराणी’तली मंजुळा आणि ही बेणारे.

त्याच महिन्यात मी प्रेझेंटेशन कसं करावं यावरच्या एका कार्यशाळेला गेले होते. तिथल्या प्रशिक्षकांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले : ५५, ३८, ७. बोलण्याचा जो परिणाम होतो त्यात ५५ टक्के वाटा देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त ७ टक्के. मग त्यांनी आम्हाला उभं केलं. पाय फाकवून, हात कमरेवर, हनुवटी वर, दोन मिनिटं. असं उभं राहिलं की शरीरातली हार्मोन्स बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो, हे सिद्ध झालंय, असं सांगितलं. मी सगळं वहीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तालमीत तसंच्या तसं वापरलं.

मुलगी मेहनती होती. स्पर्धेच्या दिवशी ती ताठ उभी राहिली, परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचला, एक शब्दसुद्धा अडखळला नाही. मी विंगेत स्टॉपवॉच घेऊन उभी होते. वेळसुद्धा बरोबर साधली. पण हॉलमध्ये काहीच घडलं नाही. लोक शांत होते, पण ती शांतता कार्यक्रम संपायची वाट बघणारी होती. नंतर एक परीक्षक तिला म्हणाले, “भाषण छान केलंस.” कौतुकच होतं ते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, “ताई, मी घाबरले नव्हते. मग चुकलं कुठे?”

मला उत्तर देता आलं नाही. आज माझा पीएचडीचा विषय मराठी रंगभूमीवरच्या स्वगताशी संबंधित आहे, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी आकडे तपासू

५५-३८-७ हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे. १९६७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. एका प्रयोगात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. काही शब्द प्रेमाचे, काही तटस्थ, काही नावडतीचे. दुसऱ्यात ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’, हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवला आणि जोडीला वेगवेगळ्या भावांचे चेहऱ्याचे फोटो दाखवले. ऐकणाऱ्यांनी सांगायचं होतं ते एवढंच, की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. दोन प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून ते सूत्र तयार झालं.

आता जरा नीट बघा. प्रयोगात वाक्य नव्हतं, सुटे शब्द होते. रंगमंच नव्हता, प्रेक्षक नव्हता. आणि सगळ्यात गंमत म्हणजे त्यात देहबोलीच नव्हती, फक्त चेहऱ्याचे फोटो होते. ज्या ५५ टक्क्यांच्या जोरावर मी त्या मुलीला पाय कसे ठेवायचे ते शिकवत होते, त्या ५५ टक्क्यांत पाय कुठे नव्हतेच. हे सूत्र फक्त भावना आणि आवड-नावड यांच्यापुरतं आहे, इतर बोलण्याला ते लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलेलं आहे. साधा विचार केला तरी हे कळतं. शब्द जर ७ टक्केच असते, तर कानडीचा गंध नसताना मला कानडी नाटक ९३ टक्के कळलं असतं.

दुसरी गोष्ट कमरेवरच्या हातांची. २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी होते ४२. ऐसपैस पसरलेल्या दोन मुद्रा, प्रत्येकी एक मिनिट. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन वाढलं, कॉर्टिसोल कमी झालं, धोका पत्करायची तयारी वाढली, असा निष्कर्ष होता. २०१२ मध्ये कडी यांचं टेड व्याख्यान गाजलं आणि ही कल्पना जगभर पसरली. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तसाच प्रयोग केला. आपण ताकदवान आहोत असं वाटण्यात थोडा फरक दिसला, पण हार्मोन्समध्ये नाही आणि वागण्यातही नाही. २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका कार्नी यांनी या परिणामावर आपला आता विश्वास नाही, असं जाहीरपणे लिहिलं. संशोधकाने कसं वागावं याचा हा धडा मला मूळ निबंधापेक्षा मोलाचा वाटतो. आणि हो, कमरेवर हात ठेवून उभं राहायची जी मुद्रा आम्ही केली, ती त्या पहिल्या प्रयोगात नव्हतीच. तिथे एकात पाय टेबलावर टाकून बसायचं होतं आणि दुसऱ्यात टेबलावर हात टेकून पुढे झुकायचं होतं.

कुठलंही ‘सिद्ध झालंय’ ऐकलं की तीन प्रश्न विचारायची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. नेमकं काय मोजलं? कोणावर आणि किती जणांवर? दुसऱ्या कोणी करून बघितलं तेव्हा काय मिळालं? पहिल्या प्रश्नातच बरेच दावे गळून पडतात.

आता संहितेकडे

पण आकडे चुकीचे होते एवढ्याने माझी चूक पुरी होत नाही. आकडे बरोबर असते तरी तो प्रयोग फसलाच असता, कारण मी नाटक नीट वाचलं नव्हतं.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्याच होत्या. गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी आलेली असते. वेळ जावा म्हणून ते लटका खटला खेळायचं ठरवतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारेला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होत जातो, तिचं खासगी आयुष्य साक्षीपुराव्यात ओढलं जातं.

या नाटकात बेणारेचं शरीर कसकसं बदलत जातं ते बघा. पहिल्या अंकात ती येते ती बागडतच. येताना दाराच्या कडीत बोट चेमटलेलं असतं, पण तिचं बोलणं, हसणं, इतरांची टर उडवणं थांबत नाही. सगळ्या मंडळींत सगळ्यात मोकळं वावरणारं शरीर तिचं आहे. मग आरोप होतो आणि ते शरीर क्षणभर गोठतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघून जायला दाराकडे धावते, तर दार बाहेरून बंद. तिसऱ्या अंकात ती आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, साक्षींमागून साक्षी होतायत आणि ती गप्प आहे. विष तोंडाला लावते तेही हातातून उडवलं जातं. म्हणजे ज्या कडीत सुरुवातीला फक्त बोट अडकलं होतं, त्याच दाराआड अख्खी बाई अडकते.

मग न्यायाधीश झालेले काशीकर तिला बचावासाठी दहा सेकंद देतात. इतर पात्रं जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलू लागते. काही पानं बोलते. ते संपतं तेव्हा काशीकर वेळ संपल्याचं सांगतात आणि आरोपीला काही म्हणायचं नाही, अशी नोंद करून टाकतात.

तालमीत मी नेमकं हेच विसरले होते. हे बोलणं त्या खोलीत कोणीही ऐकलेलं नाही. आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. आपल्याकडे हे स्वगत ‘स्त्रीचा जबाब’, ‘बाणेदार उत्तर’ म्हणून सादर करायची पद्धत पडली आहे. मीही तसंच बसवलं. पण तेंडुलकरांनी तिला उत्तर द्यायची संधी दिलेलीच नाही. तिचं बोलणं आणि कोर्टाचे कान यांच्यामध्ये ते दहा सेकंद उभे आहेत. हे स्वगत जिव्हारी लागतं ते यामुळे. खटला जिंकणाऱ्या वकिलाच्या सुरात ते बोललं, तर पुढचं काशीकरांचं वाक्य निरर्थक होतं.

आणि छाती पुढे काढून, पाय रोवून उभी राहिलेली बेणारे कुठली? फार तर पहिल्या अंकातली. म्हणजे नाटकाने दोन अंक खपून जे मोडलं, ते मी दोन मिनिटांच्या मुद्रेने परत जोडून ठेवलं होतं. तिच्या शरीरावर नाटकाचा काही परिणाम झालेलाच दिसत नव्हता. लोक हलले नाहीत यात नवल काय?

इथे एक भेद करायला हवा, जो मला तेव्हा सुचला नाही. आत्मविश्वास नटाचा वेगळा आणि पात्राचा वेगळा. पात्र खचलेलं असताना ते खचलेपण न घाबरता दाखवणं, आवाज बसू देणं, मध्ये थांबणं, हात लोंबकळू देणं, याला नटाचा आत्मविश्वास लागतो. मी त्या मुलीला पात्राचा आत्मविश्वास दाखवायला शिकवलं आणि नट म्हणून तिला काहीच दिलं नाही.

मग आवाज ठरतो कशाने?

याचं सगळ्यात कामाचं उत्तर मला नाट्यशास्त्रात सापडलं. भरतमुनींनी पाठ्याचे, म्हणजे बोलायच्या मजकुराचे, गुण सांगितलेत. त्यात आवाजाची तीन स्थानं येतात : उर, कंठ आणि शिर. जवळच्याशी बोलताना उरातून, थोडं अंतर असेल तर कंठातून, लांबच्याला हाक मारायची तर शिरातून. म्हणजे आवाज ठरतो तो ऐकणारा किती लांब आहे यावरून. ‘आत्मविश्वासाने बोल’ असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. कोणाशी बोलतोयस ते आधी ठरव, असा त्याचा रोख आहे.

दुसरी गोष्ट काकू. (शेजारच्या काकू नव्हेत! काकू म्हणजे स्वराची वळणं.) ती दोन प्रकारची : साकांक्ष आणि निराकांक्ष. बोलण्यात अजून काही यायचं आहे, अर्थ पुरा झालेला नाही, असा स्वर साकांक्ष. अर्थ पुरा झाला, विषय मिटला, असा स्वर निराकांक्ष. आता एकपात्रीच्या स्पर्धेतली दहा स्वगतं आठवा. प्रत्येक वाक्य निकाल लावल्यासारखं खाली आपटतं. सगळंच निराकांक्ष. ऐकणाऱ्याला पुढच्या वाक्याची ओढच राहत नाही. आमची मुलगी नेमकं तेच करत होती. ‘ठाम बोल’ हे मीच शिकवलं होतं ना!

नाट्यशास्त्राचा दाखला देताना एक सावधगिरी. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. जुन्या जाणकारांनी निरीक्षणातून केलेलं हे वर्गीकरण आहे. ‘भरतमुनींनी सिद्ध केलंय’ असं मी म्हटलं, तर ५५ टक्केवाल्यांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला? मी ते वापरते ते बघायचं साधन म्हणून. त्याने संहितेत काही नवं दिसलं तर ठेवायचं, नाही तर सोडायचं.

बेणारेच्या बाबतीत दिसतं. हे साधन लावलं की कळतं, स्वगतात तिचा श्रोता सारखा बदलतो. कधी ती थिजलेल्या मंडळींना उद्देशून बोलते, कधी शाळेतल्या मुलांबद्दल. कधी कोवळ्या वयात मामाने केलेला विश्वासघात आठवते, कधी ज्याला देव मानलं त्या प्राध्यापकाबद्दल बोलते. आणि शेवटी पोटातल्या बाळावर येते. थिजलेली माणसं चार हातांवर आहेत, मामा कित्येक वर्षं मागे आहे, बाळ तर तिच्या आतच आहे. या सगळ्यांसाठी एकच खणखणीत आवाज आणि एकच मुद्रा कशी चालेल? परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बाळाबद्दल बोलायचं म्हणजे बाळाला मंडपात उभं केल्यासारखं होतं.

तंत्र नकोच का?

असं अजिबात नाही. श्वास पोटातून घेता आला नाही तर लांब वाक्य शेवटाला मरतं. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, म्हणजे नेमका अर्थच गळतो. ‘च’ आणि ‘ज’चे दोन-दोन उच्चार, जोडाक्षरं, अनुस्वार हे घासून घ्यावंच लागतं. माइक नसलेल्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही तर बाकी सगळी चर्चा फुकट. माझं म्हणणं एवढंच की तंत्राने गळा आणि शरीर तयार होतं. ते कुठे वापरायचं हे संहिता सांगते.

आणि भीतीचं काय? त्याबद्दल मला उपयोगी वाटलेलं एक संशोधन सांगते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं की भाषण करणाऱ्यांना आपली घाबरगुंडी लोकांना जेवढी दिसतेय असं वाटतं, तेवढी ती दिसत नसते. बोलण्याआधी ही गोष्ट ज्यांना समजावून सांगितली होती त्यांची भाषणं त्यांना स्वतःलाही बरी वाटली आणि बघणाऱ्यांनाही. इथेही माझे तीन प्रश्न लागू आहेत. हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या भाषणांवरचा आहे, नाटकावरचा नाही. पण निदान त्यात माणसं खरोखर उभी राहून बोलली होती आणि समोर ऐकणारे होते.

दुसरी तालीम

पुढच्या वर्षी तिने तोच उतारा पुन्हा करायचा हट्ट धरला. या वेळी आम्ही उभं राहण्यापासून सुरुवात केली नाही. संहितेची प्रत घेतली आणि प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिलं : कोणाशी? किती लांब? पुढे काही यायचंय की संपलं? मग एक तालीम फक्त बसून, हलक्या आवाजात. एक तालीम शब्दांशिवाय. साक्षी चालू असताना बेणारे गप्प बसते तसं दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं आणि मी बाकीच्यांचे संवाद वाचायचे. ही दहा मिनिटं तिला सगळ्यात जड गेली. संपल्यावर म्हणाली, “ताई, आता मला बोलायचंय, पण तोंडच उघडत नाहीये.” मी म्हटलं, “अगं, हेच हवंय. इथून सुरू कर.”

तिला बक्षीस मिळालं का? नाही. आवाज मागे नीट पोचला नाही, असा शेरा आला आणि तो बरोबरच होता. तंत्रात आम्ही कमी पडलो. पण बाळाबद्दलच्या वाक्यांना ती आली तेव्हा पुढच्या तीन-चार रांगांत कोणी हलत नव्हतं. संपल्यावर टाळ्या यायला जरा उशीर झाला. त्या उशिरासाठी मी आजही ती वही जपून ठेवली आहे, ५५-३८-७ लिहिलेलं पान धरून.

तुमच्यासाठी हे का?

कारण तुम्हीही लवकरच एका खोलीत उभे राहणार आहात. समोर समिती असेल, हातात दहा-पंधरा मिनिटं असतील आणि बोलणारे तुम्ही एकटेच. प्रवेशाची मुलाखत, सहामाही अहवाल, शेवटचा व्हायवा, सगळी एका अर्थाने स्वगतंच. त्याआधी कोणी तरी तुम्हाला नक्की सांगेल की ताठ उभे राहा, हात असे ठेवा, डोळ्यांत बघा, शब्दांना काही महत्त्व नसतं.

तेव्हा पेन्सिल काढा. प्रत्येक स्लाइडसमोर लिहा : हे मी कोणाला सांगतेय? विषयतज्ज्ञाला, बाहेरून आलेल्या परीक्षकाला, की गाइडला दाखवायला? हे वाक्य निकालाचं आहे की अजून शोध चालू असल्याचं? आपल्या संशोधनातली बरीच वाक्यं साकांक्ष असतात. ती निराकांक्ष सुरात बोललात तर आत्मविश्वास दिसेल, पण समितीला लगेच कळेल की तुम्हाला तुमच्या पुराव्याची मर्यादा माहीत नाही. जिथे शंका आहे तिथे आवाजातही ती येऊ द्या. जिथे खात्री आहे तिथे आवाज आपोआप खाली, उरात उतरतो.

आणि कोणी फळ्यावर टक्के लिहिले, तर हात वर करून नम्रपणे विचारा, “सर, हे कशावर मोजलं होतं?” मी तेव्हा विचारलं असतं, तर एका मुलीचं एक वर्ष वाचलं असतं.